भिंगरी सरांची संत्री

भिंगरी सरांनी खुर्चीत बसून चहा संपवलेला मी पाच वर्षांत एकदाही पाहिला नाही. अर्धा कप इथे, अर्धा तिथे, आणि पाय कायम चालते. अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत ते फेऱ्या मारत शिकवायचे आणि आम्हा विद्यार्थ्यांच्या माना दुखायच्या.

वीज वाहून नेणाऱ्या मऊ प्लास्टिकवर त्यांनी उमेदीची वर्षं घातली. “सिलिकॉन कडक, जीव मऊ. जिवाशी बोलाचं असन तं आपणबी मऊ व्हा लागते,” म्हणायचे. आधी माणसाच्या त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या केल्या. परदेशात नाव झालं. तिथेही जीव रमला नाही. सगळं सोडून गावी आले आणि संत्र्याच्या झाडांकडे वळले. “माणूस हालते अन् सिग्नल बिघडवते. झाड बिचारं उभं राह्यते,” हेही फेऱ्या मारतच.

तिवस्याजवळ त्यांच्या मोठ्या भावाची, दादांची, बाग होती. झाडांच्या खोडात आम्ही केसाएवढे सेन्सर बसवले. आतला रस किती आटला ते कळायचं. त्यांच्या नोंदी घ्यायला मी जायचे. मी अकोल्याची, कपाशीतली; संत्र्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. डिसेंबरात आकडे धडाधड घसरले. बागेत कोणी नाही, सरांचा फोन लागेना. झाडं तहानेनं मरताहेत म्हणून मी शहाणीनं मोटार लावली आणि दिवसभर पाणी सोडलं.

बहार धरायचा तर बागेला आधी ताण देतात, मुद्दाम तहानलेली ठेवतात, हे मला कुठे ठाऊक. त्या वर्षी पालवी रग्गड फुटली, फूल नावालाही नाही.

दुसऱ्याच दिवशी ओली जमीन पाहून दादा भडकले होते, तेव्हा सर माझ्यादेखत म्हणाले, “दादा, मीच हिले पानी सोडाले लावलं.” मग मला बाजूला घेतलं. “तुले ताण सांगाचा राह्यला, चूक माह्यीच. आता चूप राह्य. दादानं फाटक लावलं तं तुह्यी पीएचडी अडकन.”

दादांनी मला येऊ दिलं, सरांशी मात्र बोलणं टाकलं. सर बागेत जाईनासे झाले. मी परतले की एकेका झाडाचं विचारायचे आणि शेवटी हळूच, “दादा कसा आहे?” पदवी मिळाली की खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. मिळाली. तरी गप्प बसले. त्या भित्रेपणाची मला आजही चीड येते.

गेल्या वर्षी सर अचानक गेले. तेरवीला मी दादांना सगळं सांगितलं.

“मी त्याले तोंडावर म्हटलं होतं, तू बागेचा ताणबी इसरला, आता आपला नाही राह्यला,” ते म्हणाले. “अन् त्यानं ऐकून घेतलं ना, पोरी.”