हसनच्या तराजूवरचं डिजिटल नाणं

तुमचा चहा निवेल, पण निवू दे. माझं डोकं अजून तापलेलं आहे, त्यापुढे चहाचं काय घेऊन बसलात? हा किस्सा तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेला बरा. कर्जतच्या बाजारात तो मसाला लावून सांगतात, आणि घडला कोंबडीच्या दुकानात, त्यामुळे मसाला जरा जास्तच पडतो.

कडावच्या पुढे आमचं फार्महाऊस आहे. फार्महाऊस म्हणजे काय, तर भाताच्या खाचराला लागून चार खोल्या, एक पडवी आणि सुलभाच्या हातचं जेवण. सुलभा म्हणजे आमची बायको. खोपोलीच्या कारखान्यातली माझी नोकरी संपल्यावर आम्ही दोघांनी हे सुरू केलं. लोक खोल्यांसाठी येत नाहीत, तिच्या कोंबडीच्या रश्श्यासाठी येतात. मलाही ते ठाऊक आहे. दर पाहुण्यासमोर तिने ते बोलून दाखवायची काही गरज नाही.

तर त्या शनिवारी आदित्य नावाचा एक पोरगा मित्रांना घेऊन आला. जेवण झाल्यावर पडवीत बसून मला शिकवायला लागला. "काका, क्रिप्टो म्हणजे पुढच्या जमान्याचा पैसा. बँक नको, नोट नको, मध्ये कुणी दलाल नको. जगात कुठेही चालतो." माझ्या फोनवर त्याने ॲपसुद्धा टाकून दिलं. रविवारी निघताना सगळं बिल त्याने त्यातच भरलं. फोन टिंग वाजला, पोरगा गाडीत बसून गेला, आणि माझी छाती उगाच फुगली.

सुलभाने विचारलं, "पैसे कुठायत?"

मी फोन दाखवला.

"हे उद्या कोंबडीवाल्याला चालेल?"

"अगं, जगात चालतं. कर्जत काय जगाबाहेर आहे?"

ती काही बोलली नाही. तेव्हा बोलली असती तर बरं झालं असतं. बायका नको तिथे बोलतात आणि हवं तिथे गप्प बसतात, आणि हे मी तिच्यासमोर म्हणत नाही.

सोमवारी दुपारी खोपोलीच्या भिशीच्या बायका जेवायला येणार होत्या. वीसेक जणी, आणि सगळ्या खास रश्श्यासाठी. खात्यातले पैसे नुकतेच विहिरीच्या पंपाने खाल्लेले. गल्ल्यात खडखडाट. पण मला कसली चिंता? खिशात पुढचा जमाना होता ना.

सकाळीच स्कूटर काढून हसनच्या दुकानात गेलो. हसन आमचा जुना कोंबडीवाला, माणूस सरळ, फक्त एका कानाने जरा कमी ऐकतो. त्याला म्हटलं, "हसनभाई, वीस जणींची कोंबडी काढ. आणि ऐक, आज पैसे कॉइनमध्ये देणार."

त्याने सुरी बाजूला ठेवली. "काय बोलता? कॉइन हायत तुमच्याकडं?"

"आहेत की. भरपूर."

"अहो दिलीपशेठ, मग आधी नाय का सांगायचं? मी कवापासून शोधतोय." आणि त्याने दुकानातूनच समोर हाक मारली, "मंदाताई, ये गं इकडं. शेठ कॉइन घेऊन आलेत."

समोरच्या वडापावच्या गाडीवरची मंदाताई पदराला हात पुसत आली. तिच्यामागून पानवाला आला. दोन रिक्षावाले आले. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बघा, आपण उगाच आपल्या गावाला मागास म्हणतो. कर्जत बदललं. मी हसनच्या खुराड्याला टेकून उभा राहिलो आणि आदित्यने सांगितलेलं सगळं त्यांना ऐकवायला सुरुवात केली. बँकेची कटकट नाही, कुठेही चालतं, आता घराघरात हेच येणार.

"ते खरंच," मंदाताई म्हणाली. "बँकवाले देतच नायत. मागल्या येळेला दोन तास बसवलं नि परत पाठवलं."

"बँकेला हे नकोच असतं," मी म्हणालो.

"आमाला पायजे पण," पानवाला म्हणाला. "मला हजाराचे द्या."

"मला पाचशेचे," रिक्षावाला म्हणाला.

आणि सगळ्यांनी माझ्यासमोर नोटा धरल्या. मी अडाणी तरी किती असावं? मला वाटलं, हे आता माझ्याकडून क्रिप्टो विकत घेणार. मी ऐटीत फोन काढला.

मंदाताईने फोनकडे बघितलं, मग माझ्या स्कूटरच्या डिकीकडे बघितलं. "पिशवी कुठंय?"

"कसली पिशवी?"

"चिल्लरची. दोन-दोनची, पाच-पाचची नाणी. हसन बोलला ना, कॉइन आणलेत म्हणून."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सबंध बाजार सुट्ट्या पैशांसाठी गोळा झाला होता. मी त्यांना समजावलं, की हे नाणं फोनमध्ये असतं, ते दिसत नाही, हातात येत नाही. मंदाताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग वडापाव घेऊन गिऱ्हाइकानं पन्नासची नोट दिली, तर यातनं उरलेले परत देता येतील का?"

"नाही."

"मग काय करायचंय ह्याला?" म्हणाली आणि गेली. तिच्यामागे सगळे गेले. जाताना पानवाल्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या खिशात हात घातला होता. राग येणार नाही का माणसाला?

आता मी हट्टालाच पेटलो. हसनला म्हटलं, "ते राहू दे. तू माल तोल. तुझ्या फोनवर ॲप टाकतो, त्यात पैसे येतील." हसन भिडेखातर हो म्हणाला. त्याने कोंबडी कापून तराजूत टाकली, मी फोनवर कॉइनचा भाव बघितला, म्हटलं, "एवढ्याला एवढं, बरोबर." तो पिशवीत भरणार, तेवढ्यात भाव घसरला.

"थांब, थोडी कमी कर."

त्याने एक तंगडी काढली. भाव वर गेला. त्याने तंगडी परत ठेवली. भाव पुन्हा घसरला, तर त्याने तंगडीबरोबर कलेजीही काढून ठेवली. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "हसनभाई, एक काय ते ठरवा." हसन म्हणाला, "मी काय ठरवू? कोंबडी मेली तरी शेठचा पैसा अजून उड्या मारतोय."

सगळं दुकान हसलं. माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली.

एकदाचा आकडा ठरला. तर ॲप म्हणतं, पाठवायचा खर्च वेगळा. किती? अर्धी कोंबडी. हातभर अंतरावरच्या माणसाला पैसे द्यायला अर्धी कोंबडी कुणाला द्यायची? ॲपला? तेही कबूल केलं. मग हसनच्या फोनवरचा तो क्यूआर कोडचा चौकोन माझा फोन ओळखेना, कारण त्याच्या काचेवर चरबीचे हात लागलेले. तेव्हा त्याच्या खात्याचा तो मारुतीच्या शेपटासारखा लांबलचक पत्ता मी चष्मा कपाळावर चढवून स्वतः टाइप केला. आकडा, अक्षर, आकडा, अक्षर. पाठवलं.

माझ्या फोनवर आलं: पाठवलं. हसनच्या फोनवर काहीच नाही.

आम्ही वाट बघितली. हसनने तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं उरकली. शेवटी पुन्हा पत्ता ताडून पाहिला, तर एका जागी मी इंग्रजी बीच्या ऐवजी आठ दाबला होता. होते तेवढे सगळे पैसे गेले होते. कुणाकडे? त्या पत्त्यावर बहुतेक कुणी राहतच नाही. परत कसे मिळणार? मिळत नाहीत. तक्रार कुणाकडे करायची? कुणाकडेच नाही. मध्ये कुणी दलाल नाही ना.

खरं सांगतो, पैसे गेल्यापेक्षा याचा संताप जास्त आला. बँकेत घोळ झाला, तर निदान काउंटरवर हात आपटता येतो. साहेबाला बोलवा म्हणता येतं. इथे मी भर बाजारात लालबुंद होऊन उभा, आणि भांडायला समोर एक माणूस नाही. साध्या माणसाला असला पैसा काय कामाचा, ज्याच्यावर धड ओरडतासुद्धा येत नाही?

हसनने पिशवीतला माल परत परातीत ओतला. हळूच, मला वाईट वाटू नये म्हणून. एवढ्या तमाशानंतर उधार मागायला तोंड नव्हतं, मी रिकाम्या हाताने घरी आलो.

भिशीच्या बायका पडवीत बसल्या होत्या. सुलभाने माझ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि आत जाऊन पिठलं ढवळायला घेतलं. बायका पिठलं-भाकरी जेवल्या. चांगलं झालंय म्हणाल्या, पण अर्धेच पैसे देऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी सुलभाला सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "त्या आदित्यने फसवलं मला. शहरातली पोरं असलीच. गरीब माणूस बघून गळ्यात मारलं." मी बोलत गेलो, आणि तिलाही ते पटत गेलं. ती माझ्या बाजूने चिडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं क्वचितच घडतं. तिने माझाच फोन घेतला, आदित्यला लावला आणि स्पीकर चालू केला. मला काही सुचायच्या आत.

"काय रे, आमच्या साध्या माणसाला फसवलंस? नोटा नव्हत्या तुझ्याकडे?"

तिकडून पोरगा गडबडला. "काकू, मी तर नोटा मोजून काकांच्या हातात ठेवल्या होत्या. काकांनीच परत केल्या. म्हणाले, नोटा म्हाताऱ्यांसाठी असतात, मला क्रिप्टोच दे. मी दोनदा विचारलं. त्याच नोटा आत्ता मी माथेरानला घोडेवाल्याला दिल्या."

आमच्या घरात फोनवर एक वाक्य धड ऐकू येत नाही. अर्धं बोलणं तुटतं, उरलेलं अंगणात जाऊन ऐकावं लागतं. त्या दिवशी मात्र शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला.