टॅग नसलेली पेटी

ग्लॅडिस पाटोळे काय काम करते, हे शिरूरच्या मिशन कंपाउंडमध्ये धड कुणालाच सांगता येत नाही. तिच्या सासूबाई चर्चमधल्या बायकांना "कंपनीत वायरीचं बघती" एवढंच सांगतात आणि ते काही खोटं नाही. सणसवाडीला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, त्याचं नेटवर्क ती सांभाळते. चालू असतं तेव्हा तिला कुणी विचारत नाही. बंद पडलं की सगळ्यांना तिचा नंबर पाठ असतो.

ऑफिसचे कॉम्प्युटर एका स्विचला, म्हणजे सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या डब्याला जोडलेले, शेडमधली मशिनं दुसऱ्या स्विचला आणि दोन्ही स्विचच्या मध्ये एक केबल, असा तिथला मामला. मागच्या वर्षी ऑफिसात कुण्या दीडशहाण्याने भलतीच मेल उघडली आणि त्या केबलवरून व्हायरस थेट शेडमध्ये उतरला. मशिनं बरेच दिवस बंद होती. कायम कामगारांना पगार मिळाला. कंत्राटी माणसांना "बोलवू तेव्हा या" म्हणून घरी पाठवलं.

तेव्हापासून ग्लॅडिसने मधे फायरवॉल बसवा म्हणून धोशा लावला होता. फायरवॉल म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेणारी पेटी. पण नेहमीची फायरवॉल बसवायची तर मशिनांच्या नेटवर्कमधल्या पत्त्यांपासून सगळी मांडणी बदलावी लागणार होती. त्यातली निम्मी मशिनं इतकी जुनी, की एखादं रुसून बसलं तर त्याची समजूत घालणारं कुणी उरलेलं नव्हतं. म्हणून तिने पारदर्शक फायरवॉल मागवली. ही दोन स्विचच्या मधल्या केबलवर बसते, कुणाला काही बदलायला लावत नाही आणि जाता जाता गुपचूप तपासणी करते. आपल्या वाटेत कुणी बसलंय, हे मशिनांना कळतही नाही.

सुट्टीच्या दिवशी येऊन तिने शेडच्या पॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही स्विच ठेवलेल्या कपाटात, पेटी लावली. दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत सुरू झालं, कुणाला पत्ताही लागला नाही. याचा तिला इतका आनंद झाला, की तिनेही कुणाला सांगितलं नाही. इथेच घोडं पेंड खाणार होतं.

शेडचा एक रिवाज आहे. पॅनलमध्ये हात घालायचा तर शिफ्टच्या माणसाला सांगायचं आणि आपल्या नावाचा टॅग लटकवायचा. टॅग नसलेली वस्तू बेवारस समजायची आणि काम अडलं तर तिला वळसा घालून मोकळं व्हायचं. ऑफिसच्या लोकांना हा रिवाज ऐकून माहीत होता. ग्लॅडिसलाही होता.

भारत थोरात हा शेडचा इलेक्ट्रिशियन. मूळचा दौंडकडचा, खुटबावचा. सणसवाडीत खोली करून राहायचा आणि सुट्टीला गावी जायचा. इतकी वर्षं कंत्राटावर काढल्यावर यंदा कुठे त्याचं नाव कायम करायच्या यादीत आलं होतं.

काही दिवसांनी एका दुपारी एका मशीनला ऑफिसातून प्रोग्राम येईना. भारतने पॅनल उघडलं, तर आत अनोळखी पेटी आणि टॅगचा पत्ता नाही. त्याने पेटीला हात लावला नाही. तिच्या शेजारून एक पिवळी केबल एका स्विचमधून दुसऱ्यात सरळ जोडली. झालं, केबलवरून गेलेला निरोप पेटीतून परत यायला लागला आणि परत आलेला पुन्हा केबलवरून जायला लागला. बघता बघता निरोपांची अशी गर्दी उसळली, की ऑफिस आणि शेड दोन्ही ठप्प झाले.

ग्लॅडिस धावत आली, तिने पिवळी केबल उपटली आणि हळूहळू सगळं जागेवर आलं.

"ताई, ती पेटी कुणाची हाय?" भारतने विचारलं.

"माझी. आणि प्रोग्राम अडला तोही माझ्यामुळेच. त्या मशीनची वाट पेटीत उघडायची राहून गेली." मग तिने पेटी कशासाठी आहे ते त्याला सगळं सांगितलं.

"म्हंजी मागल्या साली जे झालं, ते हिच्यामुळं व्हणार न्हाई?"

"बहुतेक नाही."

"मंग सांगायचं न्हाई का, ताई," भारत म्हणाला. ग्लॅडिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मॅनेजरने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. शेड का थांबली, हे त्याला वर कळवायचं होतं. माणूस वाईट नव्हता, त्याला भानगड मिटवायची होती. "पेटीच खराब निघाली असं कळवतो. काढून परत पाठवा. कुणाचं नाव नको," तो म्हणाला.

ग्लॅडिसने मनातल्या मनात हिशोब मांडला. भारतचं नाव यादीत राहणार होतं, तिचीही मान सुटणार होती. पेटी काय, पुढेमागे परत आणता येईल, अशी ती मनाची समजूत घालत होती.

"पेटी चांगली हाय, साहेब," भारत म्हणाला. "केबल म्या टाकली. पेटी काढू नगा. शेड बंद पडली की आमाला घरी बसावं लागतंय."

आता मॅनेजरचाही नाइलाज झाला. ग्लॅडिसदेखत कबूल केलेलं त्याला झाकता येईना. भारतला मेमो मिळणार आणि मेमो मिळालेल्या माणसाचं नाव यादीतून जाणार, हे उघड होतं. ग्लॅडिसला मात्र तो नुसतं म्हणाला, "पुढच्या वेळी सांगत जा, मॅडम."

तिला ते सहन झालं नाही. "चूक आधी माझी आहे, मलाही मेमो द्या," असा तिने हट्टच धरला. शेवटी मॅनेजरने वैतागून दोघांच्या हातात एकेक कागद ठेवला. बाहेर पडताना ग्लॅडिसला छाती हलकी वाटत होती.

गेटबाहेरच्या टपरीवर तिने दोन चहा सांगितले. भारतने तिच्या हातातला कागद पाहिला.

"हे कशाला घेतलं, ताई?"

"तुम्हाला एकट्याला का म्हणून?"

भारतने चहा खाली ठेवला. रागावला नव्हता, दमला होता. "यादी पुढल्या साली परत निघंल. तवा आत बसून माझ्यासाठी बोलनारं तुमीच एक माणूस व्हता. आता तुमच्या नावावर बी मेमो. तुमचं तरी कोन ऐकनार?"

 कागद ग्लॅडिसने स्वतःला बरं वाटावं म्हणून मागून घेतला होता, हे तिला आत्ता कळलं. घेण्याआधी भारतला विचारायचं तिला सुचलंही नव्हतं.