एक्केचाळिसावी ओळ

ऑफिसात तिला सगळे दोनदाबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. कुलूप लावलं की ती ओढून बघे, दोन जिने उतरे, परत चढे आणि पुन्हा ओढून बघे. असं माणूस घरात असणं म्हणजे काय ते तिच्या नवऱ्याला विचारावं. पण राउटर सांभाळायला असंच माणूस लागतं. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या संस्थांची नेटवर्क सांभाळण्याच्या नोकरीत होती. राउटरचा सगळा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते जुनं झालं की नवं चढवायचं, हे तिचं मुख्य काम. ऐकायला सोपं वाटतं, आणि ज्यांना करावं लागत नाही त्यांना ते सोपंच असतं.

तिची रीत ठरलेली होती. आधी यंत्राची अवस्था जशीच्या तशी उतरवून घ्यायची: किती जोडण्या चालू, किती रूट. रूट म्हणजे कुठला निरोप कुठल्या वाटेने धाडायचा, याची एकेक ओळ. मग नवं सॉफ्टवेअर, मग रीस्टार्ट, मग पुन्हा तीच मोजणी. दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या, जुळल्या की फॉर्मवर 'पडताळणी झाली' असं लिहून सही करायची.

त्या रविवारी काम होतं एका वृद्धाश्रमाचं. दहा ते एक अशी तीन तासांची मुदत मिळाली होती. ती घरीच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नवरा मुलीला रसायनशास्त्र शिकवत होता, म्हणजे दोघं भांडत होते. साडेदहाला तिने राउटर रीस्टार्ट केला, पावणेअकराला तो सुरू झाला. जोडण्या जुळल्या. रूट मात्र आधी एक्केचाळीस होते आणि आता चाळीस होते.

तिने पुन्हा मोजले. चष्मा पुसून मोजले. मुलीला बोलावून मोजायला लावले. मुलीनेही चाळीसच मोजले आणि वर, "आई, परीक्षा माझी आहे," असं सुनावलं.

गेलेली ओळ जुन्या यादीत समोर दिसत होती. ती कशासाठी होती, हे काही केल्या कळेना. वृद्धाश्रमाच्या नेटवर्कच्या नकाशात त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. ओळ कोणी घातली, कधी घातली, कुठेच नोंद नाही. एवढी वर्षं बिनबोभाट नांदलेली ओळ एका रीस्टार्टने जाते कशी? नवं सॉफ्टवेअर गिळून बसलं म्हणावं, तर बाकीच्या चाळिसांना धक्काही नाही. बाई पुरती चक्रावली.

तिने आश्रमाच्या कारकुनाला फोन केला. फोन लागतायत, कॉम्प्युटर चालतायत, टीव्ही चालतोय, आणखी काय पाहिजे, असं तो म्हणाला. मग आपल्या ऑफिसातल्या साहेबांना विचारलं. साहेबांचा नियम होता, ज्या ओळीला मालक नाही ती राउटरमध्ये घालायची नाही. असल्या बेवारशी ओळींतूनच चोर शिरतात. नियम चुकीचा नव्हता, हीच तर पंचाईत होती. "तक्रार आहे का कुणाची?" त्यांनी विचारलं. नव्हती. "मग सही करा आणि जेवायला बसा."

तिने फॉर्म उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. आपलंच डोकं फिरलंय की काय, असंही तिला वाटून गेलं. चाळीस लोक घरात सुखरूप आले आणि एक आला नाही, तर दाराला कडी कशी लावायची? पण तो एक कोण, हे तरी कुणी सांगावं. मनात पाल चुकचुकली होती आणि ती गप्प बसायला तयार नव्हती.

पावणेबाराला तिने आश्रमातल्या मावशींचा नंबर मिळवला. म्हाताऱ्यांचं उठणं-बसणं, अंघोळ, औषधं या मावशीच बघत. दोनदाबाईने त्यांना सगळं पुन्हा तपासायला लावलं. मावशी कुरकुरल्या, पण आपल्या इमारतीतल्या खोल्याखोल्यांतून फिरून आल्या. सगळं चालू होतं. शेवटी काय विचारावं हेच सुचेना, तेव्हा तिने भलताच प्रश्न विचारला.

"मावशी, तुमच्याकडे असं काय आहे, जे बंद पडलं तरी कुणाला कळणार नाही?"

मावशी म्हणाल्या, "घंटा. आजी-आजोबांच्या गळ्यात बटण असतं, दाबलं की इथे माझ्या टेबलावर वाजते. इथल्या तर सकाळपासून वाजतायत. मागच्या इमारतीतली तास-दीड तासात एकही नाही वाजली. मला वाटलं, आज निवांत आहे."

"मावशी, तिकडे जा. फोन चालूच ठेवा."

अंगण ओलांडल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, आणि मग मावशींचा, "अगं बाई, आजी."

तिसऱ्या खोलीतल्या आजी पलंगावरून घसरून जमिनीवर बसल्या होत्या. लागलं नव्हतं, पण उठता येत नव्हतं. गळ्यातलं बटण दाबत त्या अकरापासून तशाच बसून होत्या. "म्हणतायत, दाबून दाबून बोट दुखलं," मावशी म्हणाल्या, "वाटलं, आता कोणी येणार नाही."

बाईने आधी मावशींकरवी आजींना पलंगावर बसवून घेतलं. तक्रार नाही म्हणे. तक्रार करायचं साधनच तिने साडेदहाला काढून घेतलं होतं.

मागची इमारत, हे शब्द ऐकल्यावर तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि ते आठवणं तिला नकोसं वाटलं. ती उठली, कपाटावरच्या खोक्यातून जुन्या वह्या काढल्या. सहा वर्षांपूर्वीच्या वहीत सापडलं. अक्षर तिचंच: 'वृद्धाश्रम, मागची नवी इमारत, घंटा. ओळ घातली. चालते.' त्याखाली प्रत्येक नोंदीला असतो तसा 'सेव्ह केलं' हा शब्द नव्हता. ओळ राउटरच्या चालू आठवणीत होती, कायमची लिहिलेली नव्हती. सहा वर्षं ते यंत्र एकदाही बंद पडलं नाही, म्हणून ती जगली. आणि अपग्रेडच्या आधी आपण होऊन काही सेव्ह करायचं नाही, हाही साहेबांचाच नियम. मागे असंच सेव्ह केल्याने कुणाचा तरी अर्धवट प्रयोग कायमचा होऊन बसला होता.

शब्द का राहिला, तेही तारखेवरून लक्षात आलं. त्या दुपारी शाळेतून फोन आला होता की मुलगी जिन्यावरून पडली. हातातलं टाकून ती धावली होती. मुलीच्या हनुवटीवर तीन टाके पडले होते. आज तीच मुलगी टेबलापलीकडे हनुवटी तळहातावर टेकून बसली होती, आणि बाईला एकाच वेळी तिला जवळ घ्यावंसं आणि रडावंसं वाटलं.

तिने साहेबांना फोन करून सांगितलं, ओळीचा मालक सापडला, ती मीच. साहेब समजुतीने म्हणाले, ओळ घाला, सेव्ह करा, कारणाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहा, विषय संपला. तिने ओळ घातली. सेव्ह केली. मग म्हणाली, राउटर पुन्हा रीस्टार्ट करावा लागेल. साहेब वैतागले, पंचवीस मिनिटं उरली होती, पुन्हा उठला नाही तर?

"सहा वर्षांपूर्वीही मी 'चालते' असंच लिहिलं होतं," ती म्हणाली. "उठल्यावर लक्षात ठेवतो का, ते बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

तिने मावशींना त्या पंधरा मिनिटांसाठी आजींजवळ बसायला सांगितलं आणि रीस्टार्टचं बटण दाबलं. नवरा आणि मुलगी भांडायचे थांबले होते. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं: 'ओळ मी घातली होती, सेव्ह केली नव्हती.' खाली नाव लिहिलं. पडद्यावर अक्षरं सरकू लागली. तिने रूट मोजले. एक्केचाळीस. मुलीने न सांगता उठून मोजले. एक्केचाळीस.

मावशी अंगण ओलांडून आपल्या टेबलापाशी आल्या. निघताना आजींना सांगून आल्या होत्या, मी पोचले की दाबा. फोनमधून घंटा ऐकू आली. ती थांबली, परत वाजली, आणि मग वाजतच राहिली.

"आजी सोडत नाहीयेत, ताई," मावशी म्हणाल्या. "जाऊन सांगू का, पुरे म्हणून?"

"जा," बाई म्हणाली. "पण पुरे म्हणू नका. नुसत्या जा."