कादंबरीतली आई

चुंगमुरोच्या, सिनेमावाल्यांच्या गल्लीतलं ते लॉज आठवलं, की माझे तळपाय अजून गरम होतात. निर्माते ग्वाकसाहेब पटकथा पुरी होईपर्यंत लेखकांना तिथे कोंडून ठेवत. सोलच्या ऑलिंपिकआधीच्या हिवाळ्यात आम्ही दोघं कोंडलेलो: विनोदी प्रवेशांपुरता मी, आणि बाकी सगळ्यासाठी मिन तॅक-सू.

तॅक-सूदादा दोन संसार करायचा. खोलीची जमीन खालून तापायची, पण एकाच टोकाला. त्या उबदार टोकाला तो वर्तमानपत्राच्या नववर्ष स्पर्धेसाठी कादंबरी लिहायचा आणि गारठलेल्या टोकाला पटकथा. "सिनेमातली माणसं थंडीतच छान रडतात," म्हणायचा. दुपारी गुडघ्यांवर सरकत कादंबरीकडे निघाला, की चेहरा सासरहून माहेरी निघालेल्या पोरीसारखा.

साहेब रोज संध्याकाळी येत. वाचत नसत, चौकटींच्या कागदांची चळत दोन बोटांत धरून जाडी बघत. पटकथा बारीक भासली, की दादा खाली कादंबरीची पानं सरकवायचा. एके दिवशी आम्ही सार्वजनिक न्हाणीघरात एकमेकांच्या पाठी घासत असताना साहेबांनी अख्खी चळत उचलून छापखान्यात नेली. कादंबरीची दुसरी प्रत नव्हती, आणि स्पर्धेची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती.

ओल्या डोक्यांनी धावलो. केस वाटेतच गोठले. छापखान्यात साहेब चक्क वाचत होते, नाक पुसत.

"लबाडा, ही आई कुठे लपवली होतीस? रोज पोराचा डबा भरते, आणि पाठवायला पत्ताच नाही! हिला सिनेमात घेतली."

"साहेब, ती कादंबरीतली आहे. सिनेमात आली तर मी स्पर्धेतून बाद."

"मग सिनेमाला काय बिनआईचा ठेवू?"

"दुसरी देतो. हिच्या दुप्पट रडवेल. पण ही माझी मला परत द्या."

कागदाच्या गठ्ठ्यावर बसून त्याने तासाभरात नवी आई लिहिली. तिचे डोळे गेले, घर जळलं.

"दादा, जरा जास्त होतंय," मी म्हटलं.

"गप रे. अजून क्षय बाकी आहे."

साहेब हमसाहमशी रडले आणि पानं सोडली. पाचाला चार मिनिटं असताना पोस्टाचा शिक्का पडला.

त्या दुप्पट आईवर सिनेमा पुढे सहा आठवडे चालला. पण त्याआधी, एक जानेवारीला, दुरुस्त्यांसाठी पुन्हा कोंडलेलो असताना, आम्ही वर्तमानपत्र उघडलं. बक्षीस भलत्यालाच. परीक्षकांच्या मनोगताच्या शेवटी मात्र एक ओळ होती: मिन तॅक-सू यांच्या कादंबरीतली आई लक्षात राहते.

दादाने ती इतक्यांदा वाचून दाखवली, की लॉजच्या मालकीणबाईंनी नववर्षाच्या सूपचा वाडगा पुढ्यात आदळला.

"गिळ आता. आम्हाला पाठ झाली!"

"मावशी, पेपरात आलंय!"

"आई आली पेपरात. तू कुठे आलास?"

"हा काय, इथे!"

आणि सूप पार निवेपर्यंत तो आपल्या नावाच्या तीन कोरियन अक्षरांवर बोट ठेवून बसला.