तंबू आणि मी

साठी पूर्ण झाली त्या आठवड्यात माझ्या मुलीने, मयूरीने, पुण्याहून मला तंबू पाठवला. दोष तिचा नाही. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात मी एकतीस वर्षं वजनकाट्यावर बसलो आणि त्यातली निदान वीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलो की निवृत्त झालो की सातपुड्याच्या जंगलात जाऊन मुक्काम करणार. थंडीत गच्चीवरून उत्तरेला डोंगराची रांग दिसते. तिच्याकडे बघत मी चहा प्यायचो आणि स्वतःला डोंगरातला माणूस समजायचो. प्रत्यक्षात तोरणमाळला दोनदा गेलो होतो, तेही घरचा डबा घेऊन आणि दिवे लागायच्या आत परत.

तंबू आल्यावर पळवाट उरली नाही. मी माझे मित्र भिला गुरुजी यांना बोलावलं. ते शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून वाटा त्यांनी ठरवायच्या आणि सामान मी, असं ठरलं. थंडीत गुरुजींना सर्दी होते, म्हणून एप्रिल महिना पक्का केला. सामानाची यादी त्रेसष्ट वस्तूंची झाली. त्यात शिट्टी होती, होकायंत्र होतं, तीन टॉर्च, घडीची खुर्ची आणि गुडघ्यांचं तेल होतं. होकायंत्र कसं बघायचं ते आम्हा दोघांनाही येत नव्हतं, पण ते असलेलं बरं, यावर एकमत झालं.

मग गच्चीवर तंबूची तालीम झाली. सोबतच्या कागदावर चित्रं होती. त्यांतल्या माणसाने चार चित्रांत तंबू उभा केला होता. आम्हाला अर्धा तास लागला आणि जे उभं राहिलं त्याला दार नव्हतं. माझी बायको कोकिळा वाळवणाचे पापड उलटायला वर आली.

"हाई काय शे?" तिने विचारलं.

"तंबू," मी म्हणालो.

"उलटा शे." तिने पापड बाजूला ठेवले, काड्या उपसल्या, कापडाची शिवण बघितली आणि गोधडीला अस्तर घालावं तसा तंबू उभा करून ती खाली निघून गेली. गुरुजी म्हणाले, वारा पडला होता म्हणून तिला जमलं.

जागा ठरवायला मला वीरसिंगची आठवण झाली. डोंगरातल्या मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरचा हा पावरा आदिवासी माणूस बरीच वर्षं आमच्याकडे ऊसतोडीला यायचा. त्याची गाडी काट्यावर लागली की आम्ही दोन शब्द बोलायचो. आता तो घरीच शेती करतो. फोन केला तर म्हणाला, बाजाराच्या दिवशी मोलगीला या. गुरुजींचं डोकं दुखत होतं. कोकिळाला आमचूर हवं होतं, म्हणून ती सोबत निघाली. अक्कलकुव्याहून जीपमध्ये बसलो. घाटातल्या वळणांवर मी डोळे मिटून घेतले आणि कोकिळाला सांगितलं की झोप लागली होती.

वीरसिंग चहाच्या दुकानापाशी उभा होता. मी यादी त्याच्या हातात दिली. त्याने ती सावकाश, बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचली.

"सगळं आहे, आप्पा," तो म्हणाला. "पाणी कुठलं पिणार?"

मी गुरुजींनी काढलेला नकाशा पुढे केला. त्यात एक झरा निळ्या पेन्सिलीने रंगवलेला होता.

"हा होळीच्या आधीच आटतो. एप्रिलमध्ये आमच्या बाया पाण्याला दरीत उतरतात. आणि तेव्हा वणव्याचे दिवस. चूल पेटवू देणार नाहीत. वनखात्याला विचारलं का?"

विचारलं नव्हतं. यादीत काडेपेट्या मात्र सहा होत्या.

मी विषय बदलायला तंबूबद्दल सांगू लागलो. कापड कसं, काड्या कशा, आत दोन माणसं कशी झोपतात. वीरसिंगने नीट ऐकून घेतलं.

"आम्ही सहा जण झोपायचो," तो म्हणाला. "तुमच्या कारखान्याजवळ, पाटाच्या कडेला. पाचटाची कोपी, वर प्लास्टिक. दर साली पाच महिने. थोरली मुलगी तिथंच झाली."

तो टोचून बोलत नव्हता. तंबूचा विषय निघाला म्हणून त्याने आपला अनुभव सांगितला, इतकंच. त्या झोपड्या माझ्या घरी जायच्या रस्त्यावर होत्या. एकतीस वर्षं मी सायकलवरून, मग मोटरसायकलवरून त्यांच्यासमोरून गेलो आणि घरी जाऊन गच्चीवरून डोंगर बघितला. एकदाही थांबलो नाही. त्याच्या गाडीचं वजन मला किलोपर्यंत माहीत असायचं. त्याला मुलगी झाल्याचं मला त्या दिवशी कळलं. कोकिळाने विचारलं, "मुलगी कोठे शे आते?" तो म्हणाला, धडगावला, नर्स आहे. मग ती दोघंच बोलत राहिली.

शेवटी वीरसिंगनेच बेत ठरवला. दिवाळीनंतर यायचं. वनखात्याच्या कचेरीत आधी अर्ज द्यायचा. तंबू त्याच्या शेताच्या बांधावर ठोकायचा, खाली ओढ्याला पाणी असतं. यादीतल्या अकरा वस्तू त्याने ठेवल्या आणि जाड गोधडी वाढवली. खुर्चीवर काट मारताना त्याने माझ्याकडे बघितलं आणि ती राहू दिली.

"मी बी येस," कोकिळा म्हणाली.

नोव्हेंबरात आम्ही गेलो. गुरुजी आले नाहीत, सर्दी. कोकिळाने आणि वीरसिंगच्या बायकोने, फुलीबाईने, मिळून तंबू उभा केला. मी खुंट्या दिल्या. दुपारी वीरसिंगसोबत टेकडी चढायला निघालो तर पहिल्याच चढाला माझा दम गेला. तो दर वीस पावलांवर थांबून एखादं झाड दाखवायचा. झाडांत इतकं सांगण्यासारखं काय आहे, हे मला बऱ्याच वेळाने समजलं: तो मला श्वास घेऊ देत होता. त्या निमित्ताने मी बारा झाडं शिकलो. त्यांतली चार अजून ओळखता येतात.

दोन मुक्काम झाले. निघताना फुलीबाईने कोकिळाला विचारलं, आता कधी. कोकिळा म्हणाली, होळीला, मयूरीला घेऊन. मला कोणी विचारलं नाही. मी तंबूची घडी घालायचा प्रयत्न करत होतो.