दुसऱ्याच्या मळीवर दिलेला शब्द

बहात्तरच्या दुष्काळाआधी मी साहेबीण झाले होते... हसू नका! चौथीत शाळा सुटलेली बाई मी, पण साखर कारखान्याने सहा बायकांचं नवं खातं काढलं आणि त्याची मुकादम मला केलं. आपल्या नगर जिल्ह्यातलाच कारखाना, नाव कशाला घेऊ.

उसाच्या वाढ्यांची, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याची, कुट्टी करायची, तिच्यात मीठ आणि मळी कालवायची की झालं जनावरांचं खाद्य. मळी म्हणजे साखर काढल्यावर उरतो तो काळा चिकट पाक. अहो, केसांतसुद्धा मळी जायची, रोज उशीला मुंग्या... पण बैल काय आवडीने खायचे!

मग मी मिरवायला लागले. शेजारच्या सरूबाईला म्हणाले, "कडब्याची गंजी उंदरांसाठी राखतेस व्हय? विकून टाक. आपलं खाद्य हाय की." तिने विकली... माझ्या शब्दावर.

पुढे पाऊस आलाच नाही. ऊस वाळला, मळी घटली. त्यातच संचालकांनी ठरवलं, आता जी काही मळी निघेल ती सगळी नव्या स्पिरिटच्या प्लांटला.

शेतकी साहेब शेडमध्ये आले. "मावशी, उद्यापासून खातं बंद. वरचं धोरण बदललंय."

"बैलाम्होरं धोरण टाकू का, साहेब?"

त्यांनी टाकीची किल्ली माझ्याकडेच राहू दिली. माणूस वाईट नव्हता.

सरूबाईला सांगायला माझी जीभच रेटेना. टाकीचा तळ खरवडून दोन दिवस तिची पाटी भरली... तिसऱ्या दिवशी सांगितलं.

ती म्हणाली, "आगं, परवाच सांगायचं न्हाई का? जनावरांच्या छावनीत जागा हुती. काल भरली."

तिच्या जोडीतला एक बैल महिन्याच्या आत गेला. उरलेला घेऊन ती भंडारदऱ्याकडे बहिणीच्या गावी पायी निघाली. मी भाकरी बांधून तिला वाटेत गाठलं. भाकरी तिने घेतली आणि म्हणाली, "मळी तुजी न्हवती, तर शब्द कशापायी दिलास गं?"

 

बाकीचे लोक मागून बोलले, हिने तोंडावर विचारलं. एवढी माया मला दुसऱ्या कुणी लावली नाही.