ऐकतानाचं ‘हव’

आधी दीदीचं सांगतो, मग बाकीचं. दीदी म्हणजे रायपूरला शंकर नगरातल्या आमच्या ऑफिसात हिशेब बघणारी बाई. घराणं मूळचं नागपूरकडचं, वडील रेल्वेत लागले म्हणून इथलेच झालेले. मराठी तिला सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीतून. मी भंडाऱ्याकडचा, नववीतून शाळा सोडलेला. ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणं माझं काम. ब्लोअरनं धूळ उडवायची, बंद पडलेला पंखा बदलायचा, वायरी बघायच्या. सगळं करता करता शिकलो, शिकल्याचा कागद काही नाही. म्हणून एक धास्ती कायमची पोटात. एक दिवस कोणी विचारेल, ह्या पोट्ट्याला काहून ठेवलं इथं?

विचारलं कोणी नाही. झालं असं, की एक विक्रीवाला आला. त्याचं म्हणणं, टेबलाटेबलावर वेगळे कॉम्प्युटर कशाला पाहिजेत? एका खोलीत मोठा सर्व्हर ठेवा, टेबलावर नुसती स्क्रीन आणि छोटा डबा. सगळे त्या एकाच सर्व्हरवर काम करतील. स्वस्त कोणतं पडतं ते बघायला साहेबांनी फळ्यावर दोन बाजू आखल्या. एकीकडे सर्व्हर, त्याचं लायसन्स, त्याच्या खोलीतला एसी, बॅटरी. दुसरीकडे नवे कॉम्प्युटर, वीज, दुरुस्ती, आणि दुरुस्तीच्या खाली माझा पगार. मला माहिती विचारायला बोलावलं होतं. दारातूनच मी ते वाचलं आणि तिथंच उभा राहिलो.

विक्रीवाला माझ्याकडे बघून बोलत सुटला. “ये मशीनें तो रोज अटकती होंगी, भैया. हर महीने कुछ ना कुछ जलता होगा.”

“हव... हव...” मी म्हणत होतो.

आमच्याकडे समोरचा बोलत असला की ऐकणारा मधूनमधून हव म्हणत राहतो. हव म्हटलं नाही तर सांगणाऱ्याला वाटतं, ह्याचं ध्यान नाही. साहेब दिल्लीकडचे. त्यांना हव म्हणजे हो, एवढंच ठाऊक. प्रत्येक हवला ते दुरुस्तीचा आकडा वाढवत गेले. माझ्याच तोंडानं माझी बाजू महाग होऊन राहिली होती, अन् मले ते समजतही नव्हतं.

हिशेबासाठी तिथंच बसलेली दीदी खुर्चीवरून उठली. “सर, ये हाँ नहीं बोल रहा. सुन रहा है. हमारे तरफ ऐसे ही सुनते हैं.” मग माझ्याकडे वळून, “अब तू बोल. डर मत.”

मी सांगितलं, दोन मशीनं खरंच थकली आहेत, बाकीची नीट चालतात. साहेबांनी आकडा पुसून कमी केला. विक्रीवाला म्हणाला, सर्व्हर असला की देखभाल लांबूनच होते, माणूस लागतच नाही.

“प्रिंटर में फँसा कागज भी दूर से खींचोगे?” दीदी म्हणाली. साहेबसुद्धा हसले.

तिनं सांगून पाहिलं, माणसाचा पगार दोन्हीकडे धरा, लागेल तो. साहेबांनी धरला नाही. मी एकाच बाजूला राहिलो आणि ती बाजू जड झाली. सर्व्हर आला. टेबलावरचे डबे बसवायला मीच होतो. ते काम संपलं, तसं माझंही संपलं.

दीदीनं शब्द टाकला म्हणून गुढियारीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात बसायला मिळालं. पगार कमी आहे. आई फोनवर विचारते, “ऑफिस बरं चाललं ना बापा?” अजून तिला सांगितलेलं नाही. तिकडे ऑफिसात आता बोलणं निघालं आहे, की सर्व्हरवर काम कुठूनही होतं, तर हिशेबाची माणसं शहराबाहेर लांब नवा रायपूरला का बसवू नयेत? दीदीच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. तिकडे बस धड मिळत नाही. तिला फोन केला तर म्हणाली, “देखेंगे रे. तू खाना खाया?”

माझ्याकडे देण्यासारखं आज काही नाही. ती दुसऱ्यासाठी बोलते, स्वतःसाठी तिचं तोंड उघडत नाही. कधीतरी तिची गोष्ट निघेल आणि ती गप्प बसेल. त्या दिवशी कोणी बोलावलं नाही तरी मी जाईन, दारात उभा न राहता आत जाईन, आणि तिच्या बाजूनं बोलेन. हे तिचं देणं मी फेडणार आहे.